भाड्याचं फोटोशॉप, मालकीचं कोरल

"काकू, सॉफ्टवेअर महिन्यावर घेऊ, की एकदाच विकत घेऊन मोकळा होऊ?" नवीन दुकान टाकणारी पोरं हा प्रश्न बसायच्या आधी विचारतात, आणि मला उत्तर द्यायला दोन चहा लागतात. १९९८ साली सांगलीतल्या एका छापखान्यात मी डीटीपी ऑपरेटर म्हणून लागले. २००६ मध्ये नवऱ्याच्या फोटो स्टुडिओला जोडून स्वतःचं दुकान काढलं. लग्नपत्रिका, फ्लेक्स, हळदीची आणि बेदाण्याची पाकिटं, लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, जे येईल ते करतो. चोरीचं, विकतचं, भाड्याचं आणि फुकटचं अशी चारही तऱ्हेची सॉफ्टवेअरं हाताखालून गेली. त्यातनं जे शहाणपण आलं ते इथं उतरवतेय. क्रमाला काही अर्थ नाही, जसं आठवलं तसं.

१. चोरीच्या सीडीचं बिल उशिरा येतं

छापखान्यात पेजमेकर, कोरल, फोटोशॉप सगळं एकाच सीडीवर होतं. मालकांनी, म्हणजे अण्णांनी, ती मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणली होती आणि तिच्या कागदी पाकिटावर स्केचपेननं सिरियल नंबर लिहून ठेवला होता. सॉफ्टवेअर विकत घ्यायची वस्तू असते, हेच आम्हाला माहीत नव्हतं. २००२ मध्ये फोटोशॉप ७ आलं आणि ओळखीच्या प्रत्येक स्टुडिओत जाऊन बसलं. पैसे देऊन घेतलेली एक प्रत काही मला दिसली नाही.

आमच्या दुकानातही तेच चाललं होतं. मग एका मे महिन्यात क्रॅकच्या फाइलीतून काहीतरी शिरलं आणि सकाळी येऊन बघते तर हार्डडिस्कवरच्या सगळ्या फाइलींची नावं बदललेली, एकही उघडेना. तीन लग्नांचे अल्बम त्यात होते. बारा बाय छत्तीसच्या शीटा, एकेका शीटेत पंधरा-वीस लेअर. नवऱ्याकडं मूळ फोटो कार्डावर शिल्लक होते म्हणून अब्रू वाचली, पण चार रात्री जागून सगळं पहिल्यापासून लावलं. पाचव्या दिवशी नवरदेवाचे वडील काउंटरवर येऊन म्हणाले, "वहिनी, तुमचे डोळे का सुजलेत?"

कायद्याचंही मला त्यानंतरच कळलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. त्या सीडीचं पाकीट मी अजून ठेवलंय. अण्णांचं अक्षर फार सुंदर होतं.

२. हिशेब महिन्याचा नको, चार-पाच वर्षांचा मांडा

ॲडोबीनं मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढं नवीन फोटोशॉप डबाबंद मिळणार नाही, महिन्याच्या पैशावरच मिळेल. जगभर ओरड झाली. आमच्या लाइनीतही झाली, आणि गंमत म्हणजे ज्यांनी आयुष्यात एक रुपया दिला नव्हता ते सगळ्यात जास्त चिडले. मीही त्यांतलीच.

राग ओसरल्यावर मी वहीत आकडे मांडले. शेवटचं डबाबंद फोटोशॉप, सीएस ६, २०१२ मध्ये अमेरिकेत ६९९ डॉलरला होतं. तेव्हा डॉलर पंचावन्नच्या आसपास, म्हणजे साडेअडतीस हजार. फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून जो फोटोग्राफीचा प्लॅन मी पुढं घेतला, त्याला महिन्याला आठशेच्या आसपास जायचे. म्हणजे चार वर्षांचं भाडं आणि एका डब्याची किंमत सारखीच. चार वर्षांपेक्षा जास्त काळ तीच जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला विकत घेणं परवडलं असतं. दर दोन वर्षांनी नवीन आवृत्ती लागणाऱ्याला भाडं स्वस्त पडलं.

पण भाडं वाढतं, आणि या हिशेबातली खरी गोम तीच. जानेवारी २०२५ मध्ये ॲडोबीनं फोटोग्राफीचा सगळ्यात लहान प्लॅन नव्या गिऱ्हाइकांना बंद केला आणि जुन्यांपैकी महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्यांचा अमेरिकेतला दर ९.९९ वरून १४.९९ डॉलर केला. दुकानाच्या जागेचा मालक भाडं वाढवतो तेव्हा त्याच्याशी तासभर हुज्जत घालता येते. इथं नुसता ईमेल येतो.

३. लगीनसराई आणि बारा महिने

आमच्या एका दिरांचं काम फक्त लग्नाच्या अल्बमचं. तुळशीचं लग्न लागलं की सुरू, आषाढ आला की बंद, मधला पौषही बहुधा रिकामाच. त्यांना मी सुट्या महिन्याची बोली घ्यायला लावली. वर्षाच्या करारापेक्षा सुट्या महिन्याचा दर साधारण दीडपट असतो. अमेरिकेत एकट्या फोटोशॉपला वर्षाच्या बोलीवर महिन्याला २२.९९ डॉलर आणि सुट्या महिन्याला ३४.४९, असा तो फरक पाहिलेला आठवतो. दीडपट ऐकून दीर दचकले. पण आठ महिने दीडपट भरले तर बारा महिने एकपट भरल्याएवढेच होतात. काम सात महिन्यांचं असेल तर सुटा महिनाच स्वस्त.

मला ते जमत नाही. चातुर्मासात लग्नं नसली तरी गणपती आहेत, नवरात्र आहे, आणि वाढदिवस असलेले दादा-भाऊ बाराही महिने आहेत.

४. "वार्षिक, मासिक हप्ता" हे दोन शब्द एकत्र दिसले की चष्मा लावा

हप्ता महिन्याचा दिसतो म्हणून आपल्याला वाटतं, नको झालं की पुढच्या महिन्यात बंद करू. करार मात्र वर्षाचा असतो. तयार अल्बम डिझाइनं पुरवणाऱ्या एका सेवेच्या बाबतीत मी हेच केलं. चौथ्या महिन्यात बंद करायला गेले तर उरलेल्या महिन्यांची अर्धी रक्कम मागितली. बटण दाबायच्या आधी ती अट लिहिलेली होती, एवढंच की माझ्या नाकावर चष्मा नव्हता.

मी एकटीच वेडी नाही याचं समाधान जून २०२४ मध्ये मिळालं. अमेरिकेच्या सरकारनं फेडरल ट्रेड कमिशनच्या सांगण्यावरून ॲडोबीवर दावा लावला तो याच गोष्टीवरून: वर्षाच्या कराराचं लवकर सोडण्याचं शुल्क ठळकपणे सांगत नाहीत आणि बंद करणं मुद्दाम अवघड ठेवतात, असं सरकारचं म्हणणं होतं.

५. आधी "आमचे येथे श्रीकृपेकरून" टाइप करून बघा

हा मुद्दा इंग्रजीत लिहिणारा कुणीच सांगत नाही, आणि माझ्या मते मराठी माणसासाठी हाच पहिला असायला हवा.

मध्यंतरी एक स्वस्तातलं, एकदाच पैसे भरायचं सॉफ्टवेअर मी घेतलं. फोटोचं काम झकास. वेग असा की जुन्या कॉम्प्युटरवरही पळत होतं. नवऱ्याला म्हटलं, सुटलो भाड्यातून. मग पहिली पत्रिका घेतली आणि सवयीनं पहिली ओळ टाइप केली. "श्री" ऐवजी श, त्याला लोंबता हलन्त, मग सुटा र, आणि त्यापुढं वेलांटी. "चि. सौ. कां." मधल्या "चि"ची वेलांटी च च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येऊन उभी. "कार्यमालक"चा रफार जागेवर नाही, "कुऱ्हाडे" आडनावाची तर कुऱ्हाडीनं केल्यासारखी अवस्था. दोन तास फाँट बदलून पाहिले. फाँट निर्दोष होता.

झालं काय, की देवनागरीत अक्षरं जशी टाइप करतो तशीच ओळीनं मांडली जात नाहीत. वेलांटी मागची पुढं आणावी लागते, र कधी डोक्यावर जातो कधी पायाशी, दोन व्यंजनं एकमेकांत मिसळतात. ही मांडणी करणारं यंत्र सॉफ्टवेअरच्या पोटात असावं लागतं. ते नसेल तर जगातला सगळ्यात देखणा फाँटही काही करू शकत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतसुद्धा प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टाइपच्या खाली "वर्ल्ड-रेडी लेआउट" निवडावं लागायचं, आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावावा लागतो. नाही तर तिथंही असाच काला होतो. किती ऑपरेटर हे माहीत नसल्यानं "फोटोशॉपला मराठी येत नाही" म्हणून अजून जुने फाँट वापरत बसलेत, मोजदाद नाही.

त्या जुन्या फाँटची युक्ती वेगळी होती. युनिकोड यायच्या आधी आपल्या मंडळींनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. अर्धा श एका बटणावर, रफार दुसऱ्यावर. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजीच दाखवतोय, त्यामुळं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मराठी बिनबोभाट दिसायचं. पण फाँट काढला की मजकुराचा इंग्रजी कचरा. १९९९ च्या माझ्या कितीतरी फाइली आज तशा आहेत: पान आहे, चौकट आहे, गणपती आहे, आणि मजकुराच्या जागी उंदरानं कीबोर्डवर उड्या मारल्यात.

तेव्हा चाचणीची प्रत मिळाली की फिल्टर आणि इफेक्ट बघू नका. एक पत्रिका टाइप करा. श्री, ज्ञ, र्य, ऱ्ह, "शार्दूल", "ज्येष्ठ". पाच मिनिटांत निकाल लागतो.

६. पुरात काय तरलं

आमची जागा २००५ च्या पुरानंतर स्वस्तात मिळाली होती, यावरून काय ते समजा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आम्ही दोन्ही सीपीयू माळ्यावर चढवले होते. पाणी माळ्यावरही आलं.

गाळ उपसताना कपाट सापडलं. त्यात एका मराठी फाँटच्या पॅकेजचा मूळ डबा, सीडी, लायसन्सचं कार्ड, बिल. बिलाचा लगदा झालेला. सीपीयूच्या पाठीमागं डोंगल तसंच खोचलेलं होतं. हे डोंगल म्हणजे अंगठ्याएवढं कुलूप. ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. ते धुतलं, पुसलं, तांदळाच्या डब्यात चार दिवस ठेवलं. दिवा लागला नाही. पैसे मोजून घेतलेलं, कायमचं मालकीचं सॉफ्टवेअर, आणि कायमचं ते पाण्यात. कंपनीनं दुसरं डोंगल द्यायला बिल मागितलं. त्यांचंही चुकलं नाही, कुणीही उठून म्हणेल माझं बुडालं.

उलट जे भाड्याचं होतं ते आलं परत. मिरजेत नणंदेकडं राहत होतो. तिथं एक जुना लॅपटॉप मिळवला, ईमेल आणि पासवर्ड टाकला, रात्रभर भाच्याच्या मोबाइलच्या इंटरनेटवर फोटोशॉप उतरवून घेतलं आणि सकाळी नणंदेच्या ओट्यावर प्रिंटर मांडला. त्या आठवड्यात पासपोर्ट फोटोंची केवढी रांग लागली होती! ज्यांची कागदपत्रं वाहून गेली त्यांना प्रत्येक अर्जावर फोटो हवा होता. पांढरा पडदा म्हणून नणंदेची चादर. चार बाय सहाच्या कागदावर आठ फोटो, लोकांचे केस अजून विंचरलेले नाहीत, आणि मी फोटोशॉपमध्ये मागची चादरीची घडी पुसतेय.

मालकीला नावं ठेवायला हे सांगत नाही. पण मालकीची वस्तू सांभाळावी लागते, आणि आपण ती सांभाळत नाही. आता कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं की बिलाचा आणि लायसन्सच्या किल्लीचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करते. डोंगल असेल तर ते पाऊस धरला की माझ्या पर्समध्ये.

७. पैसे थांबले की फाइल उघडेल का?

दुकान टाकणाऱ्या पोरांना मी किंमत सांगायच्या आधी हा प्रश्न विचारायला लावते. भाडेकरू घर सोडतो तेव्हा भांडीकुंडी बरोबर नेतो. सॉफ्टवेअर सोडताना कधी कधी भांडी आतच राहतात.

प्रत्येकाची तऱ्हा निराळी. लाइटरूम क्लासिकचे पैसे थांबले तरी ते उघडतं, फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात; फोटोवर काम करायचा डेव्हलप विभाग मात्र बंद होतो. फोटोशॉपची पीएसडी फाइल गिंपमध्ये किंवा ब्राउझरमधल्या फोटोपीमध्ये उघडते, पण लेअरचे इफेक्ट आणि मराठी मजकूर जसाच्या तसा येईल याची हमी नाही. इनडिझाइनची मूळ फाइल तर दुसरीकडं उघडायची जवळपास सोयच नाही; ती आयडीएमएल करून ठेवली तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला वाचता येते.

रंगसुद्धा भाड्याचे असू शकतात, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये कळलं. रंगांचे नंबर ठरवणारी पॅन्टोन कंपनी आणि ॲडोबी यांच्यातला करार बदलला, पॅन्टोनच्या बऱ्याच रंगपेट्या ॲडोबीच्या प्रोग्राममधून निघाल्या आणि लोकांच्या जुन्या फाइली उघडल्या तर त्या रंगांच्या जागी काळं. रंग परत हवे असतील तर पॅन्टोनचं वेगळं सबस्क्रिप्शन, तेव्हा महिन्याला १५ डॉलर. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी हळदीच्या पाकिटांच्या सगळ्या फाइली काढून बसले. सांगलीत हळदीच्या पाकिटाचा पिवळा चुकला तर व्यापारी पाकीट तोंडावर फेकतो. एका वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, शेजारी सीएमवायकेचे चार आकडे, आणि छापलेल्या पाकिटाचा कातरून चिकटवलेला तुकडा. सी शून्य, एम पंचवीस, वाय शंभर, के शून्य. ही वही दुकानातली सगळ्यात किमती वस्तू आहे, आणि तिला अपडेट लागत नाही.

काम संपलं की तीन फाइली ठेवायची सवय तेव्हापासूनची: मूळ फाइल, फाँट कर्व्ह केलेली पीडीएफ, आणि सपाट केलेली टिफ. मूळ फाइल उद्या उघडो न उघडो, पीडीएफवरून छापता येतं.

८. विकतचंही म्हातारं होतं

नवऱ्यानं नवीन कॅमेरा घेतला. पहिलं लग्न शूट करून आला, कार्ड लावलं, आणि आमच्या पैसे देऊन घेतलेल्या जुन्या सॉफ्टवेअरला एकही रॉ फोटो दिसेना. कॅमेरा नवा, त्याची रॉ फाइल नव्या धाटणीची, आणि सॉफ्टवेअर तिच्या जन्माच्या आधीचं. सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं, जग पुढं गेलं होतं. विकत मिळणारं शेवटचं लाइटरूम ६ सुद्धा असंच डिसेंबर २०१७ च्या अपडेटवर थांबलंय. त्यानंतरच्या कॅमेऱ्यांची त्याला ओळख नाही. ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, तो नवीन रॉचं डीएनजी करून देतो आणि जुनी सॉफ्टवेअरं ते उघडतात. दोन हजार फोटो आधी रूपांतरात घालायचे आणि मग काम सुरू करायचं. लगीनसराईत तेवढा जीव पुरला नाही.

मॅकवाल्यांची गोष्ट आणखी वाईट. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीनं ३२ बिटचे सगळे प्रोग्राम बंद केले आणि मालकीचे डबे एका रात्रीत शोभेचे झाले.

आणि "एकदाच पैसे" लिहिलंय म्हणजे कायमचं, असंही राहिलं नाही. २०२४ च्या शेवटी आलेलं फोटोशॉप एलिमेंट्स २०२५ एकदाच पैसे भरून मिळतं खरं, पण लायसन्स तीन वर्षांचं. याला विकत म्हणायचं की पागडी?

९. फुकट कोण देतंय ते बघा

नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीनं २०१४ मध्ये ॲफिनिटी डिझायनर काढलं ते एकरकमी ४९.९९ डॉलरला. सबस्क्रिप्शन नाही, हीच त्यांची जाहिरात. मार्च २०२४ मध्ये ती कंपनी कॅनव्हानं घेतली आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला ॲफिनिटीच्या तिन्ही प्रोग्रामचा मिळून एक प्रोग्राम करून तो फुकट केला. कॅनव्हाचं खातं काढावं लागतं आणि एआयची अवजारं हवी असतील तर कॅनव्हाची पैशाची योजना. सध्या सौदा चांगला दिसतोय. पण दीड वर्षात विकतचं फुकट होऊ शकतं, तर पुढच्या दीड वर्षात फुकटचं काहीही होऊ शकतं.

गिंप आणि इंकस्केप यांचं फुकट निराळं. कंपनीच नाही, तर विकणार कोण? १९९० च्या दशकात बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी गिंप सुरू केलं, त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, आणि मधल्या काळात कुणी त्याचं बिल पाठवलं नाही. दोन्हींत मराठी जोडाक्षरं नीट येतात, हे मी पाचव्या मुद्द्यातली पत्रिका टाइप करून पाहिलंय. छपाईवाल्यांना अडचण एकच: दोन्हींचं मूळ काम आरजीबीत चालतं, आणि ऑफसेटला सीएमवायके लागतं. फ्लेक्सला आणि व्हॉट्सॲपवरच्या निमंत्रणाला ते चालून जातं. पुण्याची माझी भाची सगळं इंकस्केपवरच करते. तिला अजून ऑफसेटवाला भेटलेला नाही. फाँटचंही तसंच. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्त आणि बलू, हे युनिकोड फाँट खुल्या परवान्याचे आहेत. पत्रिकेत वापरा, पाकिटावर वापरा, कुणी दारात येणार नाही.

१०. ऑपरेटरच्या बोटांना विचारा

मी इलस्ट्रेटर आणून पाहिलं. आमचा ऑपरेटर सोळा वर्षं कोरलवर आहे. एफ १० दाबलं की नोड, कंट्रोल क्यू दाबलं की कर्व्ह. बोलता बोलता हात चालतात. इलस्ट्रेटरवर पहिल्या दिवशी तो एका दादांचं डोकं कापायला संध्याकाळपर्यंत बसला होता. सांगली-मिरजेतला प्रत्येक फ्लेक्सवाला "कोरलची फाइल पाठवा, व्हर्जन खाली करून" म्हणतो, कारण जुनं कोरल नवीन कोरलची फाइल उघडत नाही. कोरल आजही दोन्ही पद्धतींनी मिळतं. मी ते एकरकमी घेतलं आणि सहा वर्षं बदललेलं नाही. वर्तुळ कालही वर्तुळच होतं. कॅमेरे बदलतात म्हणून फोटोचं भाड्यानं, आणि पत्रिकेची वेलबुट्टी बदलत नाही म्हणून ती मालकीची, असं आमचं घर चालतं.

११. कार्ड, जीएसटी आणि कालनिर्णय

सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी. तुमचा नंबर नियमित योजनेतला असेल तर बिलावर तो घालून घ्या, तेवढा कर वजा होतो. कंपोझिशनमध्ये असाल तर विसरा. १८ टक्के तुमचेच.

कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात या भरवशावरही राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागला: कापायच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवायचं, आणि मान्यता नव्या पद्धतीनं नोंदवलेली असली पाहिजे. नियम आपल्याच भल्याचा. पण त्या महिन्यात माझा हप्ता गेलाच नाही, आणि कळलं कधी, तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवरात्र मंडळाचा वीस फुटी फ्लेक्स अर्धा झालेला असताना. पडद्यावर "आपलं सबस्क्रिप्शन संपलं आहे" आणि मंडळाची दहा पोरं माझ्या पाठीमागं उभी. शेवटी मंडळाच्या खजिनदारानं स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले. वर्गणी घ्यायला आलेला माणूस माझी वर्गणी भरून गेला, हे सांगलीत अजून सांगतात.

तेव्हापासून हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेन्सिलीनं गोल करते, गॅस सिलिंडर आणि दुधाच्या खाड्यांशेजारी. या महिन्यात तो गोल नेमका संकष्टीवर आलाय. नवरा म्हणाला, "उपास आपला, आणि जेवणार कंपनी."